तारीख गौरीजेवणाची

दिल्लीतल्या सरकारी दफ्तरखान्यात हरिदास नंबराची वाट बघत बसला होता. शेजारी नवराबायकोची जुंपली होती, तीही मराठीत.

“बघ कुमुद, परदेशात शपथ देणाऱ्या अधिकाऱ्यांच्या यादीत या कागदावर सही करणाऱ्याचं नाव आहे. नेमणूक लंडनलाच. झालं समाधान?”

“अधिकारी खरा हो. पण भावजींनी त्याच्यासमोर शपथेवर इथल्या द्वारकेतला नवा फ्लॅट तुम्हाला सोडला, ती तारीख गौरीजेवणाची आहे.”

“मग?”

“भावजी त्या दिवशी गाझियाबादला आपल्या घरी पुरणपोळी खात होते.”

“हळू बोल!”

“इथे मराठी कोणाला कळतंय? आणि लंडनला तर तेव्हा तुम्ही होतात, ऑफिसच्या टूरवर.”

तेवढ्यात खिडकीतून हाक आली, “हरिदास पाटणकर!”

हरिदास उठला तशा दोघांनी एकदम त्याच्याकडे माना वळवल्या.