पहिल्या हाकेला

(जव्हार तालुक्यातलं वांगणी. २००७ सालचा श्रावण, दुपार कलती झालेली. ओहोळावरच्या फरशीला, म्हणजे बुटक्या पुलाला लागून एक खांब, त्यावर पत्र्याची पेटी आणि भोंगा. खाली दगडावर लॅपटॉप मांडीवर घेतलेला जव्हारचा इमरान; पेटीतून निघालेली वायर लॅपटॉपला जोडलेली. शेजारी हर्षाली, इथल्या शाळेची बाई. तिची आई बुधी जरा मागे, छत्री मिटून उभी.)

हर्षाली : थांबली ना? परत थांबली?

इमरान : थांबली.

हर्षाली : तुझा हात लागला असेल.

इमरान : कसम से नाही लागला. हे बघ, दोन्ही हात वर केलेत, पोलिसाने पकडल्यासारखे.

हर्षाली : मग बटण दाबलं कोणी?

इमरान : तेच मला विचारायचंय. कोणाला विचारू?

बुधी : काय झालां गो? मना पन सांगा. उभी हाय कवापासून.

इमरान : मावशी, असं बघा. ही पेटी झोपलेली असते. पाणी चढलं की तो तरंगता डबा वर येतो आणि पेटीला जाग येते. जाग आली की सगळ्यात आधी माझा लहानसा प्रोग्रॅम चालतो. तो तिचे डोळे उघडतो, सगळं जागच्या जागी आहे का बघतो, आणि मग मोठ्या प्रोग्रॅमच्या हातात कारभार देतो. भोंगा तो मोठा वाजवतो.

बुधी : तुजा नाय तो लहानगा. माज्या हेमंतचा.

इमरान : हेमंतचाच. त्याने लिहिला, मी नुसता सांभाळतो. अजून वर त्याचंच नाव आहे, माझं खाली.

हर्षाली : आणि मधलं ते थांबणं? ते सांग तिला.

इमरान : सांगतो. कारभार हातात द्यायच्या आधी तो प्रोग्रॅम जरासा थांबतो. कोणी माणूस जोडलेला असेल, त्याला काही दुरुस्त करायचं असेल, तर त्याने तेवढ्यात एक बटण दाबायचं. दाबलं की हा पुढे जात नाही. बसून राहतो, हुकूम काय म्हणून.

बुधी : आन कोनी नाय दाबलां तं?

इमरान : तर पुढे जातो. भोंगा वाजतो.

हर्षाली : गेल्या आठवड्यात कोणीच जोडलेलं नव्हतं, आई. पेटीला कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये. तरी ती हुकमाची वाट बघत बसली आणि भोंगा मुका. मी पोरांना सोडलं. भोंगा नाही म्हणजे पाणी नाही, हे मीच शिकवलंय त्यांना. सावळाची धाकली पोरगी फरशीवरून घसरली. बापाच्या हाताला तिची वेणी लागली म्हणून वाचली. वेणी लागली म्हणून, इमरानदादा!

इमरान : ठाऊक आहे गं.

हर्षाली : मग काढून टाक ना ते थांबणं. कधीची सांगतेय.

इमरान : काढलं आणि उद्या मोठा प्रोग्रॅम बिघडला, तर आत शिरायला वाटच राहत नाही. पेटी फेकून द्यायची. आणि माझ्या एकट्याचं आहे का ते? जर्मनीत एकाने पवनचक्कीत घातलाय हा प्रोग्रॅम. ब्राझीलमधली एक बाई दूध गार ठेवायच्या यंत्रात वापरते. हेमंतने फुकट सोडला, कोणीही घ्या, कोणीही सुधारा. बिघडलं की मेल मला येतात. मी जव्हारला सायबर कॅफेत बसून उत्तरं देतो. अब्बा म्हणतात, दुकानात गिऱ्हाइकांचे रेडिओ पडलेत आणि हा परदेशातल्या म्हशी सांभाळतोय.

बुधी : बरा बोलं तुजा बाबा.

हर्षाली : त्या लोकांच्या पेट्या अशा थांबतात?

इमरान : एकाचीही नाही. सगळ्यांना विचारलं. जर्मन म्हणाला, वायर उघडी असेल, हवेतलं काहीबाही पकडत असेल. विजा, ओल. मला पटलं. वायर बांधली. मग बोर्डच नवा घातला. तरी तेच. बरं, हवेतला कचरा असता तर दर वेळी वेगळं काहीतरी आलं असतं. येतं ते तेच एक बटण. एकदाच. आज तर वायरच्या दुसऱ्या टोकाला माझा लॅपटॉप आहे, म्हणजे हवेला शिरायला जागाच नाही. आणि माझे हात वर होते.

हर्षाली : म्हणजे काय मग?

इमरान : म्हणजे मला भीती वाटते, हर्षाली. बोलूनच टाकतो. जव्हारहून निघताना हसत होतो, आता नाही.

बुधी : कवा येतां तां बटन? जागी झाल्यावर लगीच?

इमरान : थांबली रे थांबली की लगेच. जसं कोणी दाराशी उभंच होतं.

बुधी : एकदाच?

इमरान : एकदाच.

बुधी : आन पेटी लगीच ओ देते.

इमरान : ओ? हो, तसंच म्हणा.

बुधी : पयल्याच हाकंला.

हर्षाली : आई, आता ते नको काढू.

बुधी : का नको? इमरान, तू पयल्यांदा आमचे घरी आलता, आठवतां? अंधार पडल्याला.

इमरान : आठवतंय ना! वावर गावापासून चालत आलो होतो, पायाचे तुकडे पडलेले. अंगणात उभा राहून हाक मारली, हेमंत! आत दिवा दिसतोय, माणसं दिसतायत, आणि कोणी हूं का चूं करीना. मला वाटलं, मी मुसलमान म्हणून दार उघडत नाहीत. परत फिरणार होतो.

बुधी : आमी आत हसतूं. पोर एकदाच आरडून गप ऱ्हेला. मी मनात म्हनलां, आजून दोनदा हाक मार रं बाबा, मंग उठतां.

इमरान : हेमंतने खिडकीतून बोटं दाखवली, तीन. तेव्हा कुठे कळलं.

बुधी : मानूस आसंल तं तीनदा हाक मारील. थांबून, दम खाऊन. जां मानूस नाय, तां एकदाच मारतां, आन आपले मानसाचे आवाजात मारतां. म्हून पयल्या हाकंला ओ देयाची नाय. अठं पाळन्यातलां पोर पन देत नाय.

हर्षाली : हेमंतदादा द्यायचा. मुद्दाम द्यायचा, तुला चिडवायला.

बुधी : त्या दिशी पन दिली.

इमरान : कुठल्या दिवशी, मावशी?

हर्षाली : आई, राहू दे.

बुधी : त्याला म्हाईत नाय, सांगू दे. हेमंत ओटीवर बसलता, तुजे मांडीवर हाय तसलाच डबा घेऊन. मी मागं चुलीशी. पाऊस मोप व्हता. एकाएकी तो म्हनला, "ओ, आलो आई." आन उतरला ओटीवरून. मना वाटलां, हर्षीनं थट्टेनं माजे आवाजात हाक मारली आसंल.

हर्षाली : मी घरातच नव्हते.

बुधी : मी हाक मारलीच नव्हती, इमरान. मी बाहेर येऊन बघतां तं त्याची पावलां ओहोळाकडं गेल्यालीं. चिखलात. पळत नाय, सावकास. कोनी बोलावल्यावानी.

इमरान : मला सगळे म्हणाले, पेटी बघायला गेला आणि वाहून गेला.

बुधी : पेटी तवा कठं बसवल्याली? मागून बसवली तुमी.

इमरान : या अल्ला.

हर्षाली : झालं? आता आधीच घाबरलेल्या माणसाने काम काय करायचं? वर बघ, मोखाड्याच्या बाजूला आभाळ किती काळं झालंय. पोरं वर्गात बसवून आलेय, खिचडीवाली पोशीताई आहे त्यांच्यापाशी. तिला सांगितलंय, भोंगा वाजत राहिला तर सोडू नको, वाजून लगेच बंद झाला तर आमची चाचणी समज. नाही वाजला तर सुटायच्या वेळेला सोडणार ती. निम्मी पोरं पलीकडच्या पाड्यावरची आहेत.

इमरान : थांब गं. मावशी, तुमचं म्हणणं काय? पेटीला रीत माहीत नाही?

बुधी : हेमंतनं जशी सोता पाळली नाय, तशी तिला पन शिकवली नाय. तू शिकव. एका हाकंला उठू नको म्हनावं.

इमरान : होईल. खरंच होईल की. बटण आलं की लगेच थांबायचं नाही, नुसतं ध्यानात ठेवायचं. मधे जरा जाऊ द्यायचं, परत आलं तर परत. तिसऱ्यांदा आलं तरच थांबायचं. चार ओळींचं काम आहे! म्हणजे माणसाला आत यायची वाटही राहते, आणि ते जे काय आहे ते बाहेर राहतं.

हर्षाली : लिही मग. बोलत काय बसलास?

इमरान : लिहितोच आहे. तू तो तरंगता डबा धर, सांगेन तेव्हा वर उचल. हां, हे चढवलं पेटीत. उचल.

हर्षाली : उचलला.

इमरान : जागी झाली. थांबली. आली बघ, आली हाक! एक.

हर्षाली : मग?

इमरान : ओ दिली नाही. गप बसलीय. दुसरी येतच नाही. चालली पुढे, चालली...

हर्षाली : वाजला! अगं आई, कान फुटले माझे! बंद कर, पोशीताई घाबरेल.

इमरान : बंद, बंद. डबा खाली सोड. मावशी, पाया पडू का तुमच्या? आठवडाभर सगळ्या जगाचं डोकं खाल्लं मी. आता हे सगळ्यांना पाठवायचं. जर्मन विचारेल, तीनदाच का? काय लिहू?

हर्षाली : लिही, आमच्या गावची रीत आहे.

इमरान : तसंच लिहितो. करू दे विचार बसून.

बुधी : हर्षे, पानी बघ.

हर्षाली : अगं बाई! वर डोंगरात पाऊस पडला वाटतं. रंग बदलला पाण्याचा. दादा, डबा आपोआप उचलला जातोय.

इमरान : उचलू दे. तेच तर त्याचं काम. जागी झाली बघ. थांबली. आली, एक.

हर्षाली : येऊ दे. आता काय होतंय.

इमरान : दोन.

हर्षाली : काय?

इमरान : दुसरी आली. हर्षाली, दुसरी आली. मधे दम घेऊन आली.

हर्षाली : तुझे हात कुठे आहेत?

इमरान : हे बघ, हे. तीन.

हर्षाली : पुढे काय? भोंगा?

इमरान : थांबली. हुकूम काय म्हणून विचारतेय.

हर्षाली : अरे, पाणी फरशीला टेकलं! वाजव तो भोंगा!

इमरान : तिसरी आली म्हणजे माणूस आहे ना, मावशी? हेमंतच आहे ना? मीच लिहिलं, तिसऱ्याला ओ द्यायची.

बुधी : हाच हाय. एक हाक मारून जातां तो येगला. हा माजा.

इमरान : एकदा विचारू का? नुसतं त्याचं नाव लिहून बघतो. काही उत्तर येईल.

हर्षाली : इमरानदादा, पोशीताई सोडेल पोरांना! मी धावत गेले तरी पलीकडच्या वाटेने उतरतील ती!

बुधी : विचारू नको.

इमरान : मावशी, तुमचा मुलगा आहे तो.

बुधी : माजाच हाय. म्हून सांगतां. तठं पोरां हायत. काढ ती थांबायची जागा, नायतं दर पुराला तो हाक मारील आन भोंगा मुका ऱ्हेल.

इमरान : आत्ता थांबलीय म्हणून मला आत जाता येतंय. एक हुकूम दिला की संपलं. पण मग परत कधीच नाही थांबणार. मी मारली, त्याने मारली, कितीही मारल्या हाका, तरी नाही. समजतंय ना तुम्हाला?

बुधी : समजतां. सगळ्या जगाचां नको काढू. फकस्त या पेटीचां काढ.

इमरान : मला नाही जमत, मावशी.

बुधी : दे तो हुकूम, बाला. त्याला राग नाय येयाचा. घरचा हाय तो.

इमरान : दिला. दिला हुकूम. जा पुढे.

हर्षाली : वाजला. वाजतोय! पोशीताई, सोडू नको गं! ऐकलं तिने, दार लावून घेतलं. आई, पोरं आतच आहेत. सगळी आतच आहेत.

इमरान : फरशी गेली पाण्याखाली. बघ, दिसतही नाही.

हर्षाली : रडू नको रे. बरोबर केलंस तू.

इमरान : तू पण रडतेयस.

हर्षाली : आई, तिकडं कुठं निघालीस? आई! पाण्याकडं जाऊ नको!

बुधी : जात नाय गो. अठंच उभी हाय. त्यानं तीनदा हाक मारली. पेटीनं नाय दिली ओ, तं कोनी तरी देयाला पायजे ना. ओ, बाला. आयकलां मी.