करंट बंदमेले

…चर्चा करा म्हणे! हे डोकं बघा. पट्टी नका बघू, पट्टीखाली सहा टाके आहेत ते बघा, म्हणजे दिसत नाहीत, पण आहेत, विश्वास ठेवा! ही एक चर्चा. हा कोपर, प्लास्टरमधला, ही दुसरी चर्चा. पाठ तर मी दाखवतच नाही, समोर बायामाणसं बसली आहेत, पण तुम्हाला सांगतो, आमच्या पूर्वजांनी जन्मभर कापड रंगवलं, इतका निळा रंग त्यांनाही कधी साधला नाही! आणि हे सगळं कशापायी? जमिनीपायी? वाटणीपायी? छे हो! एका शब्दापायी. तोसुद्धा इंटरनेटवरच्या!

मी गुंडुराव. देवराज मोहल्ल्यात ग्रायंडर दुरुस्त करतो. आजोबा रंगारी, वडील छपाईवाले, मी दोशाच्या पिठातला! तीस वर्षं झाली, आणि या तीस वर्षांत माझं ऐकून ग्रायंडर उघडणाऱ्या एकाही माणसाला शॉक बसलेला नाही. एकालाही! लोकांकडे बंगले असतात, माझ्याकडे हे एवढंच आहे.

तर माझी भाची स्पंदना. काँप्युटरवाली. तिचं मराठी म्हणजे ‘मामा, जेवण झालं?’, त्याच्यापुढे अर्धं कन्नड नाहीतर इंग्लिश. ती म्हणाली, “मामा, तुमचं नॉलेज वाया जातंय. आपण वेबसाइट करू या, आपल्या लोकांसाठी, आपल्या मराठीत. कोणीही वाचायचं, कोणीही दुरुस्त करायचं.” मी म्हटलं, ग्रायंडर मी दुरुस्त करतो की, लोक कशाला करतील? “ग्रायंडर नाही मामा, लेख!” …मी तिथंच उठून जायला हवं होतं.

पण मी बसलो आणि लिहिलं. आठ पायऱ्या. त्यातली पाचवी ऐका, सगळा घोळ तिथं आहे: ‘करंट गेला असला तरी प्लग काढा. करंट बंदमेले हात लावू नका.’ आता आपण म्हैसूरचे, आपल्याला हे सांगायला नको, पण बाहेरचं कोणी बसलं असेल तर सांगतो, बंदमेले म्हणजे कन्नडात ‘आल्यावर’. करंट आल्यावर हात लावू नका, बस्स! आमच्या घरात तीन पिढ्या असंच बोलतात. ‘पाहुणे बंदमेले कॉफी ठेव.’ आजवर एकही पाहुणा त्यानं मेलेला नाही.

आणि मग आले शंभूराव! सांगलीचे. मुलीकडे राहायला आलेत, बन्नीमंटपाच्या बाजूला. कन्नडचा गंध नाही. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली, आता निवृत्त झाले, पण हात निवृत्त होतोय कुठं? लग्नपत्रिकेत चूक दिसली तर अक्षता टाकायच्या आधी लाल शाईनं सुधारून वधूपित्याच्या हातात परत देतात! ते आमच्या वेबसाइटवर आले. आधी मला बरं वाटलं हो. मी लिहिलं होतं, ‘पट्टा स्वल्प ओढा’, आपलं रोजचं कन्नड, म्हणजे थोडासा, तर त्यांनी खाली लिहिलं, ‘स्वल्प: वा! उत्तम तत्सम शब्द.’ मी सुम्ने, उगाच आपलं, बायकोला दाखवून आलो.

मग ते पाचव्या पायरीवर पोचले. आणि त्यांनी काय केलं? शब्द तोडला! बंद… मेले. करंट बंद, मेले! आणि खाली चर्चेच्या पानावर प्रश्न: ‘कोण मेले? किती मेले? कर्ता स्पष्ट करावा.’ आणि माझ्या उत्तराची वाट तरी बघावी की नाही? नाही! स्वतःच सुधारलं. प्लगचं वाक्य ‘पाल्हाळ’ म्हणून खोडलं आणि उरलेल्याचं केलं: ‘वीज बंद असताना हात लावू नये.’

अय्यो! बंद असताना लावू नये, मग लावायचा कधी? चालू असताना? मी फोन केला. म्हटलं, अहो, अर्थ उलटा झाला, माणूस मरेल! तर कसे बोलतात माहीत आहे, एकेक अक्षर पाटीवर काढल्यासारखं: “गुंडुराव, मी केवळ भाषा सुधारतो. आशयाला मी हात लावत नाही.”

मी परत बंदमेले केलं. त्यांनी परत बंद असताना केलं. मी बंदमेले, ते असताना. मी दुकानात एका हातात पाना, एका हातात फोन, ते तिकडे चष्मा लावून बसलेले… अकरा वेळा! जेवताना पण तेच. माझी बायको, पुष्पावती, म्हणाली, “गावभरच्या ग्रायंडरांचे लेख लिहिता, घरातला गौरीपासून बंद आहे. मी दगडावर वाटतेय.” मी म्हटलं, “मराठी बंद की कन्नड बंद, म्हणजे आलेला?” सहज विचारलं हो! तिनं हातातली पळी फेकली. इथं, कानाच्या मागं… नाही, हे टाके त्याचे नाहीत, ते पुढं आहेत.

बाराव्या वेळी पानाला कुलूप! स्पंदनानंच लावलं. आणि कुलूप लागलं तेव्हा पानावर कोणाची ओळ? त्यांची! वर माझं नाव, ‘मूळ लेखक: गुंडुराव’, आणि खाली ते विष, जगाला उघडं! मी म्हटलं, अगं उघड ते. “मामा, रूल आहे. आधी चर्चा करा. सहमती आली की उघडते.” अगं, तोपर्यंत कोणी मेलं तर? “मग ते पण चर्चेत लिहा.”

चर्चा करा म्हणे!

तिसऱ्या दिवशी, तुम्हाला सांगतो, नंजनगूडच्या बसमधून मंजू उतरला. मंजू म्हणजे पुष्पावतीचा भाऊ, तिथं खानावळ चालवतो. केस उभे, भुवई एकच शिल्लक, कानात उडदाचं पीठ वाळलेलं, आणि बगलेत गुंडुकल्लु. गुंडुकल्लु म्हणजे ग्रायंडरमधला वाटायचा गोल दगड. बस स्टँडपासून माझ्या दुकानापर्यंत तो दगड काखेत मारून आला, आणि सोडला माझ्या पायावर! मग बोलला. “भावजी, मी तुमचं नाव बघून वाचलं!”

काय झालं होतं? ग्रायंडर अडकला, करंट पण गेला. यानं झाकण काढलं आणि पाचवी पायरी वाचली. वीज बंद असताना हात लावू नये. शहाणा माणूस! दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसला, वीस मिनिटं, करंटची वाट बघत! करंट आला, हा म्हणाला, “हां, आता हरकत नाही.” …स्वयंपाकघरातून उडाला तो न्हाणीघरात, जाताना पिठाचं पातेलं घेऊन गेला!

पाय सुजला त्याचं मला काही नाही. पण तीस वर्षं हो! तीस वर्षांत पहिला शॉक, आणि तो माझ्या नावाखाली. मी दुकानात बसून रडलो, खोटं कशाला सांगू.

मग स्पंदनानं ठरवलं, रविवारी सकाळी मामांच्या घरी सगळ्यांनी समोरासमोर बसायचं. चर्चा करा म्हणे! शंभूराव आले ते शब्दकोशाचे दोन खंड घेऊन. एक बंदसाठी, एक मेलेसाठी. पहिली पाच मिनिटं छान गेली, कारण कॉफी गरम होती. मग शंभूराव मंजूला म्हणाले, “आपण वाक्य वाचलंत, पण अन्वय लावला नाहीत.” मंजूनं पेला फेकला. शंभूरावांनी पहिला खंड हाणला, मंजू वाकला, तो बसला माझ्या नाकावर! मी त्यांचा मफलर धरला, त्यांनी माझा सुजलेला पाय नेमका हेरून तुडवला, मंजूनं दुसरा खंड पळवून त्यांच्याच टकलावर आपटला, आणि स्पंदना लॅपटॉपवर टाइप करतेय, “मामा, एकेकानं मारा… सॉरी, बोला!”

शेवटी मी ओरडलो, दाखवतोच! घरातला बिघडलेला ग्रायंडर मधे ओढला, प्लग लावला, बटण दाबलं. फिरला नाही, बिघडलेलाच तो. आणि त्याच घटकेला करंट गेला. मी म्हटलं, बरं झालं, आता बघा, करंट गेलाय, पण बटण चालूच आहे, प्लग तसाच आहे. मी झाकण काढलं. आता करंट बंदमेले काय होईल, सांगा? शंभूराव वाकून बघायला लागले. तेवढ्यात पलीकडच्या वरलक्ष्मीबाई खिडकीतून ओरडल्या, “करंट बंतु!”

बंतु म्हणजे आला! आम्ही सगळे मागं. पण शंभूरावांनी काय ऐकलं? करंट बंद! काय चेहरा उजळला हो त्यांचा! डोक्यावर पंखा फिरायला लागला होता, पण मुद्रितवाला माणूस, वर कशाला बघतोय? “पाहा, त्यासुद्धा बंदच म्हणताहेत!” …आणि हात आत!

भांडण गेलं चुलीत, डोळ्यासमोर माणूस चिकटला होता! मी झेप घेतली आणि त्यांना मिठी मारली. मी! तीस वर्षांचा कारागीर! जे लहान पोराला पण करू देत नाही ते मी केलं, आणि मी चिकटलो. मला ओढायला मंजू आला, मंजू चिकटला. तिघं एका सुरात थरथरतोय, शंभूरावांची कवळी ताल धरतेय, आणि स्पंदना किंचाळत सहावी पायरी वाचतेय, “मामी! कोणी चिकटला तर सुक्या लाकडानं हाणा!”

पुष्पावती धोपाटणं घेऊन आली. मंजूला एक. शंभूरावांना एक. मला… डोकं, कोपर, पाठ, पाठ! अहो, करंट पहिल्याच फटक्याला सुटला होता! आणि प्लग तिच्या पायाशी होता, नुसता ओढला असता तरी चाललं असतं! मी जमिनीवरून विचारलं, सगळ्यांना एक आणि मला चार का गं? म्हणाली, “मूळ लेखक कोण?”

शंभूराव कोपऱ्यात पडले होते. कवळी हातात, टकलातून वाफ. हळूच म्हणाले, “गुंडुराव… मेले… बरोबर आहे.” झाली सहमती! पाचवी पायरी प्लगसकट जशीच्या तशी परत आली, खाली त्यांची टीप आहे: ‘बंदमेले: आल्यावर. हात लावल्यास: मेले.’

पण दवाखान्यात टाके घालताना माझ्या डोक्यात एकच. सहाव्या पायरीत मी ‘हाणा’ कधी लिहिलं? मी लिहिलं होतं, सुक्या लाकडानं बाजूला सारा! शंभूरावांना विचारलं, ते शपथेवर म्हणाले, मी नाही. मग स्पंदनाला म्हटलं, कोणी कधी काय बदललं, तो पानाचा इतिहास काढ. काढला. कुलूप लागायच्या आदल्या दिवशी, दुपारी, ‘सारा’चं ‘हाणा’. बदल करणार: पुष्पावती. कारण: ‘लहानसा बदल’.

स्पंदना म्हणाली, “मामा, परत ‘सारा’ करायचं का? करू या, पण रूल आहे, आधी मामीशी चर्चा करा.” मी दाराकडे बघितलं. पुष्पावती उभी होती, डबा घेऊन आली होती. एका हातात डबा… दुसऱ्या हातात धोपाटणं. दवाखान्यात कशाला आणलं, ते विचारायचा धीर झाला नाही.

मी म्हटलं, राहू दे गं. सहमती आहे.