ठणठणीत चित्रकार

डब्लिनच्या लिलावघरात चित्रकार फिडेल्मा चहाच्या रांगेत उभी होती. तिनं विकायला ठेवलेलं चित्र लिलाववाला कोलमन पुढे एका गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारत होता.

“घेऊन टाका. बाई आता फार दिवस काढत नाही.”

“आजारी आहे?”

“जिना चढताना धापा टाकते. तिला पुरलं की भाव चढलाच समजा. मागे मेयोकडचा तो म्हातारा चित्रकार गेला, तर मयतीचं सँडविच माझ्या हातात होतं तोवर गिऱ्हाइकांचे फोन सुरू!”

“आणि ही नाही गेली तर?”

“कोलमन, साखर दे रे,” फिडेल्मा मागून म्हणाली.

“अगं फिडेल्मा! काय ठणठणीत दिसतेस!”

“हीच का ती? मग राहू द्या,” गिऱ्हाईक म्हणालं.

फिडेल्मानं कप खाली ठेवला, छाती धरली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकली.