गायरानाची मुदत काल संपली

सन्माननीय अध्यक्ष पद्मजाताई, व्यासपीठावरील कंपनीचे मान्यवर, आज निवृत्त होणारे आपले व्यवस्थापक आणि सत्कारमूर्ती शरच्चंद्र साहेब, पुण्याहून, लोणावळ्याहून आलेले पाहुणे, आणि मागच्या खुर्च्यांवर बसलेली माझ्या गावची माणसं, तुम्हां सर्वांना सविनय जय भीम.

मी रेणुका, तिकोणा पेठेच्या अलीकडच्या वाडीची सरपंच. निरोपाला चार गोड शब्द बोला, असं मला सांगण्यात आलंय. गोड आवाज खरा साहेबांचा. सहा वर्षांपूर्वी ग्रामसभेत ते याच आवाजात म्हणाले होते, "पडीक गायरानावर गवत लावू, गवतापासून गॅस करू, गावाचं नाव होईल." पडीक! आमची दीडशे गुरं जिथं चरत होती, ती जागा साहेबांना पडीक दिसली. आणि मला? मलाही त्या दिवशी तशीच दिसली. करारावर पहिली सही माझी आहे. ती मी कुणावर ढकलणार नाही.

गवत जोमानं आलं. पुरुषभर उंच, हिरवंगार, आणि भोवती काटेरी तार. पाहुणेहो, गवत समोर दिसतंय, वास येतोय, पण तोंड लावायचं नाही, हे गाईला कुणी समजावून सांगायचं? माझ्या सासूबाई शकुबाई, त्यांची गाय एका सकाळी तार वाकवून आत गेली. साहेबांनी तिला कोंडवाड्यात घातलं. सासूबाई साहेबांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"सायेब, वासरू धा दिसाचं हाय. तेला दूध न्हाई. गाय तेवढी सोडा, मला हितं बसवून ठिवा."

साहेब मोबाईलवर बोलत होते. बोलणं संपवून म्हणाले, "मावशी, नियम तुमच्यासाठी वेगळा करता येत नाही."

तिसऱ्या दिवशी गाय सुटली. वासरू आदल्या दिवशीच गेलं होतं. सासूबाई माझ्याशी आठ महिने बोलल्या नाहीत. बरोबरच होतं त्यांचं.

मग घरोघरची गुरं विकली गेली. गुरं गेली तसं शेण गेलं, आणि राब भाजायचा राहिला. शहरातल्या पाहुण्यांसाठी सांगते, भाताचं बी टाकण्याआधी त्या जागेवर आम्ही शेण, पालापाचोळा पसरून पेटवतो, तो राब. राब नसला की रोपापेक्षा तण मोठं होतं. दोन वर्षांत निम्म्या घरांनी भात सोडला. लावणीला सगळ्यांच्या पुढं असणाऱ्या बाया आता बंगल्यांच्या फरशा पुसतात. अंबूबाई, जरा उभ्या राहा. पाहुणेहो, मघाशी ज्यांनी तुम्हांला चहा दिला, त्या याच.

साहेब, माझा तुमच्यावर राग आहे. सत्काराच्या दिवशी तो गिळावा, असं घरच्यांनीही सुचवलं. गिळवत नाही.

करार आणखी दहा वर्षं वाढवायचा कागद या टेबलावर आहे. फोटोग्राफरसमोर मी सही करावी, अशी योजना आहे. दुपारी पाहुण्यांना उभं पीक दाखवायचं म्हणून साहेबांनी या खेपेची कापणीही थांबवली. तिथंच ते चुकले. मुदत काल संपली. मुदतीनंतर जमिनीवर जे उभं असेल ते गावाचं, हे कलम साहेबांनीच आम्हांला वाचून दाखवलं होतं, फार प्रेमानं. मुदतवाढ ग्रामसभेनं परवा एकमतानं नामंजूर केली. आज सकाळी आम्ही तार काढली. उरलीसुरली गुरं सोडली, शेजारच्या वाड्यांचीही बोलावली. मघाशी इथं हार घातले जात होते, तेव्हा ती साहेबांच्या गवतात पोटभर चरत होती. यंदा वैशाखात राब भाजणार आहोत.

राखणीला सासूबाई बसल्यात. मी निघताना म्हणाल्या, "तेला हितं घिऊन ये. मला तेचं त्वांड बघायचंय."

सत्कार समितीनं मला माईक दिला, अध्यक्षांनी मध्येच बेल वाजवली नाही, दोघांचे मनापासून आभार. सांगण्यात कुठं उणं राहिलं असेल, तर मोठ्या मनानं सांभाळून घ्या. जे जास्त वाटलं असेल, ते मी ठरवून बोलले आहे.

चला साहेब, गाडी काढा. म्हातारी सकाळपासून उन्हात बसलीय.