काडी मोडायच्या आधी

(पाचोड. मनकर्णाबाईच्या घराची ओसरी. लेक सुगंधा आतल्या खोलीत पडून आहे. देवळापुढं पंच बसलेत. तिच्या नवऱ्याची, कारभारीची, वाट पाहताहेत; तो अजून सासूपाशी ओसरीवरच आहे.)

मनकर्णाबाई — ते नाय चालायचं, जावईबापू. काडी मोडायची तर मोडा, तुमची बायको हाय. पण पंचांपुढं 'चाल वाईट' हा शब्द तोंडातून काढायचा नाय.

कारभारी — मग काय सांगू, मामी? डाळीत मीठ जास्त पडलं म्हणून सोडतो?

मनकर्णाबाई — आजार सांगा. दवाखान्यात डॉक्टरीणबाई तुमच्यासमोरच बोलली व्हती. हिचं मन कवा उधळतं, कवा बसतं. उधळलं की झोप नाय, खर्चाला धरबंद नाय, आन... माझ्या तोंडून काय वदवता, अंगाची भूकबी वाढती. आपला कोण, परका कोण, भान राहत नाय. ऐकलं व्हतं का नव्हतं?

कारभारी — ऐकलं. पण पंच काय डॉक्टर आहेत? त्यांच्या लेखी आजार म्हणजे ताप. तापलेली बाई परक्याच्या खोलीवर जात नाही, मामी.

मनकर्णाबाई — नाव घ्या की त्या परक्याचं. नानासाहेब. तुमचाच सुपरवायझर. तुम्हीच त्याला घरी च्याला आणायचे, हिच्या हातचा चिवडा पुढं ठेवायचे.

कारभारी — ती गेली त्याच्याकडं. तो आला नव्हता.

मनकर्णाबाई — ती येडी झाली व्हती. तो तर शहाणा व्हता ना? बाई कैक रात्री झोपलेली नाय, पायात चप्पल नाय, एकसारखी बडबडतीय, हे दारातच दिसलं नसंल त्याला? शेजारच्या कमरुन्निसाला दिसलं. तिनं गल्लीत गाठून अंगावर चादर टाकली, हाताला धरून घरी आणलं. पण ते नंतर. त्यानं आधी आत घेऊन कडी घातली.

कारभारी — त्याचं मी काय करू?

मनकर्णाबाई — इचारलं तरी का त्याला?

कारभारी — मी अजून टेम्परवारी आहे. वाळूजला कंपनीच्या गेटबाहेर रोज पोरांची रांग असते. त्यानं नाव दिलं तर मी परमनंट.

मनकर्णाबाई — म्हंजे रामराम करता त्याला.

कारभारी — ड्युटीवर करावा लागतो.

मनकर्णाबाई — त्याला रामराम आन माझ्या लेकीला काडी. बरा न्याय हाय.

कारभारी — खालीपिली मलाच बोलता. मी काय कमी केलं? ड्युटी बुडवून दवाखाना केला. तिकडं उस्मानपुऱ्यात मी आमच्या गल्लीत शिरलो की ओट्यावरची माणसं गप होतात. मीबी माणूसच आहे ना.

मनकर्णाबाई — हायसा. म्हणून माणसागत इचारते. चांगली सुधारली व्हती, मंग उलटलं कशानं?

कारभारी — सांगितलं ना. नामांतराचा बंद होता. एसटी नाही, रिक्षा नाही. गोळ्या संपल्या, आणायच्या कुठून?

मनकर्णाबाई — बंद तर संक्रांतीच्या टायमाला झाला.

कारभारी — हां, तेव्हाच.

मनकर्णाबाई — मंग दिवाळीला इथं आली तवा रातभर अंगण कशापायी सारवत व्हती? भाऊबीजेचं नवं लुगडं वाटंवरच्या बाईला देऊन आली. माझ्यादेखत तुमच्या अंगाला बिलगत व्हती, मीच तोंड फिरवलं. आन तुम्ही हसत व्हता. म्हणालात, मामी, आता कशी माणसात आली बघा.

कारभारी — पाणी मिळेल का जरा?

मनकर्णाबाई — मिळंल. आधी बोला. गोळ्या कवा बंद झाल्या?

सुगंधा — दसऱ्याला, माय.

कारभारी — तू आत पडून राहा, सुगंधे.

सुगंधा — लई पडले. दसऱ्याला हेच म्हणाले, गोळी खाऊन तू लाकूड झालीस. हात लावला की भिंतीकडं तोंड. मी काय लाकडाशी लगीन लावलं का? उद्यापासून खाऊ नको.

कारभारी — इतकं होईल हे मला काय माहीत? मामी, एका खोलीत राहायचं आणि परक्यासारखं निजायचं, किती दिवस? मला वाटलं, बरी झाली, आता गोळी कशाला.

मनकर्णाबाई — डॉक्टरणीला इचारायचं व्हतं. गोळीनं असं व्हत असंल तर बदलून दिली असती.

कारभारी — हे? असलं बाईमाणसाला कसं विचारणार? लाज वाटली.

मनकर्णाबाई — डॉक्टरणीपुढं लाज वाटली, आन गावापुढं हिची चाल सांगायला वाटंना. वरून बंदावर ढकललं. विद्यापीठाच्या त्या नावापायी लोकांची घरं जळाली, जावईबापू, माणसं गेली. त्यांच्या आडोशाला लपता व्हय?

कारभारी — बरं, आजार म्हणतो. झालं? आजार सांगतो, कुणाचीच अब्रू जायला नको.

सुगंधा — कुणाचीच म्हंजे तुमची. माझी गेली. लोकं म्हणतात, तिला कुठं काय आठवत असंल. मला समदं आठवतं. तो कडी घालायला दाराकडं गेला तवा मी हसत व्हते, तेबी आठवतं.

कारभारी — तो विषय नको, सुगंधे.

सुगंधा — आजार म्हणा नायतर चाल म्हणा. मी येते पंचांपुढं, दसऱ्याचं मी सांगते. काडी मोडली तर मोडली. तुमच्याकडून एकच पायजे. दिवाळीला तुम्ही जिच्यासंगं हसत व्हता, ती मी व्हते का माझा आजार?

कारभारी — मला काय कळतं त्यातलं?

सुगंधा — मलाबी कळत नव्हतं. त्याच्यासाठीच तर गोळी व्हती.