बॉनेटवरचा पिवळा डाग

बाबांच्या पांढऱ्या फियाटमधून आपण टेंभी नाक्याची देवी बघायला गेलेलो, आठवतंय? बाबा गेल्यावर मी त्या गाडीचं वीतभर मॉडेल बनवलं. रंगाचे चार हात, आठवडाभर पॉलिश, नंबरप्लेटचं स्टिकर तर पाण्यात भिजवून चिमट्याने बसवलेलं.

दसऱ्याला सकाळी बघतो तर आईने बॉनेटवर ओल्या हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलेलं.

"अगं आई, शोपीस आहे ते."

"असू दे. ह्यांच्या गाडीची पूजा मी एकदाही चुकवलेली नाही."

लगेच पुसलं, पण हळदीचा डाग राहिलाच. परवा मॉडेलच्या प्रदर्शनात एकाने विचारलं, "सगळं हुबेहूब केलंत, मग हा डाग कसला?"

म्हटलं, "बाकी मी बनवलंय. तेवढंच ओरिजिनल आहे."