नव्या हिरोचा मुखवटा

तुम्ही पिक्चरवरून भांडता म्हणून आठवलं. मुलचेऱ्याच्या व्हिडिओ हॉलमध्ये उडणाऱ्या हिरोचा दुसरा भाग लागला होता, पण हिरो बदललेला. मी म्हटलं, "याचे डोळे मेलेल्या माणसासारखे हायेत."

बायको म्हणाली, "मले तं हाच आवडला जी." तिनं बाजारातून त्याचा मुखवटाही घेतला.

वाघ पाठीमागून येतो, म्हणून तेंदूपत्ता तोडताना आम्ही डोक्याच्या मागे मुखवटा बांधतो. दुसऱ्या सकाळी मी चिडवतच तिला तो बांधून दिला.

जंगलात पानं तोडून झाल्यावर त्यांचे पुडके उचलायला वळलो, तर तिच्या मागे चार पावलांवर वाघाचे ताजे ठसे. गवत दबलेलं, म्हणजे तो तिथं बसलाही होता.

ती घाम पुसत मुखवट्याची दोरी सोडू लागली. "आता सांगा ना जी, नवा कसा हाय?"

"चांगला हाय," मी हळूच म्हटलं. "पण सोडू नको. मागचं गवत हलून राह्यलं."